‘अंदाजाने’ म्हणजे किती? पुण्यात नव्याने चूल मांडणाऱ्यांसाठी

मराठी घरात कुणालाही पाककृती विचारा, तीन शब्द हमखास येतात: अंदाजाने, बेताचं आणि चवीपुरतं. ‘बेताचं पाणी घाल, अंदाजाने गूळ टाक, वरून फोडणी दे, झालं.’ सांगणाऱ्याला काही लपवायचं नसतं. हाताला सवय झाली की माप डोक्यातून निघूनच जातं. पण नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या आणि पहिल्यांदाच स्वतःचा ओटा मांडणाऱ्या माणसाला या तीन शब्दांवर आमटी करता येत नाही.

म्हणून इथे एकच साधं जेवण घेतलंय, मापांसकट: भात, वरण किंवा आमटी, घडीची पोळी, एक भाजी, कोशिंबीर आणि दही. मापं दोघांची आहेत. एकटे असाल तरी एवढंच करा, उरलेलं संध्याकाळी खा. अर्ध्या वाटीपेक्षा कमी डाळ कुकरला लावली तर ती धड शिजत नाही आणि गॅस तेवढाच जळतो. पुलाव, मिसळ, पुरणपोळी यांच्या वाटेला महिनाभर जाऊ नका.

१. गॅस आणि भांडी

भाड्याच्या घरात पाइप गॅस असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरच्या जोडणीसाठी एजन्सीत जाताना हे सोबत ठेवा:

– आधार कार्ड आणि त्याची प्रत
– पत्त्याचा पुरावा. भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार
– पासपोर्ट आकाराचे दोन फोटो

करार अजून हातात नसेल तर इंडियन ऑइलचा ‘छोटू’ हा ५ किलोचा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोमागे तो महाग पडतो, पण पहिला महिना निघतो. आधीच्या भाडेकरूने शेगडी ठेवली असेल तर तिची रबरी नळी बघा. नळीवर वर्ष छापलेलं असतं. पाच वर्षं उलटली असतील किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर आधी ती बदला, मग दूध तापवा.

इंडक्शनवर सुरुवात करणार असाल तर भांड्याच्या तळाला लोहचुंबक चिकटतो का ते दुकानातच बघा. फोडणीचं छोटं कढलं मात्र इंडक्शनला बहुधा ‘दिसतच’ नाही. त्यावर फोडणी सपाट बुडाच्या पातेल्यातच करावी लागते.

भांडी एवढीच घ्या: ५ लिटरचा कुकर, आत दोन डबे आणि तळाची जाळी, जाड बुडाची कढई झाकणासकट, लोखंडी तवा, लोखंडी कढलं, परात, पोळपाट, लाटणं, दोन पातेली, सांडशी, डाव, उलथनं, रवी, विळी किंवा सुरी, मिसळणाचा डबा. तुळशीबागेत आणि बोहरी आळीत हे सगळं एका फेरीत मिळतं. स्टीलचं भांडं घेताना तळ बोटाने दाबून बघा. तळ दबला तर त्या पातेल्यात दूध लागणार म्हणजे लागणार. नॉनस्टिक तवा पोळीसाठी घेऊ नका. पोळीला लागते तेवढी आच त्याच्या लेपाला मानवत नाही, आणि मंद आचेवरची पोळी वातड होते.

२. वाटी ठरवा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेक लोक ते करत नाहीत. घरातली एक वाटी निवडा, तिच्यात काठोकाठ पाणी भरा आणि किराणा दुकानातल्या काट्यावर किंवा औषधाच्या मापाने मोजा. या लेखातली वाटी १५० मिलिलिटरची आहे. तुमची २०० ची निघाली तरी बिघडत नाही, फक्त मग सगळ्याला तीच वापरा. तांदूळ एका वाटीने आणि पाणी दुसरीने मोजलं, की झाला भाताचा गिचका.

चमचा म्हटलं की ५ मिलिलिटरचा लहान चमचा, मोठा चमचा म्हटलं की त्याच्या तिप्पट. आणि सगळे सपाट. शिगोशीग भरलेला तिखटाचा चमचा सपाट चमच्याच्या जवळजवळ दुप्पट होतो.

३. सामान

एका माणसाला, बहुतेक जेवणं घरी करणार असेल तर, महिन्याला साधारण एवढं पुरतं:

– तांदूळ २ किलो, कणीक ३ किलो
– तूरडाळ १ किलो. मूगडाळ, मटकी प्रत्येकी अर्धा किलो
– शेंगदाण्याचं किंवा तुमच्या सवयीचं तेल १ लिटर
– शेंगदाणे अर्धा किलो, गूळ अर्धा किलो
– मोहरी, जिरं, हळद, तिखट, गोडा मसाला, चिंच प्रत्येकी १०० ग्रॅम
– आमसुलं ५० ग्रॅम, हिंगाची सगळ्यात लहान डबी, मीठ, साखर

तांदळाबाबत दुकानदार विचारेल: इंद्रायणी, आंबेमोहोर की कोलम? इंद्रायणी हा मावळातला, वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला. वासाचा, मऊ, थोडा चिकट. वरणभाताला याच्यासारखा नाही, पण फोडणीच्या भाताला घेतलात तर लापशी होईल. आंबेमोहोर दाण्याने लहान आणि सुगंधाला सरस, भावही तसाच. कोलम मोकळा होतो आणि नवख्याला सांभाळून घेतो. पहिल्या महिन्यात कोलम घ्या. ‘जुना आहे का?’ हे मात्र विचाराच. नवा तांदूळ पाणी कमी पितो. जुन्याच्या मापाने पाणी घातलंत तर भात गच्च होतो आणि दोष तुम्ही स्वतःला देत बसता.

गोडा मसाला आणि गरम मसाला ही सख्खी तर सोडाच, चुलत भावंडंसुद्धा नाहीत. गोड्या मसाल्यात धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल असतं. तो चमच्याने घालायचा असतो. त्याच मापाने गरम मसाला आमटीत पडला तर आमटी संपली. खोबरं-तिळामुळे गोडा मसाला बाहेर ठेवला की दोन-तीन महिन्यांत खवट होतो; फ्रिजमध्ये ठेवा. कांदा-लसूण मसाला ही तिसरी गोष्ट, ती उसळी-रश्शांसाठी.

दळण आणणार असाल तर गहू लोकवन किंवा सिहोर घ्या. गिरणीत ‘पोळीचं, बारीक’ असं सांगा, आणि आपल्या आधी कुणाचं ज्वारी-बाजरीचं दळण पडलं असेल तर एखादं गव्हाचं होईपर्यंत थांबा. नाहीतर पहिला किलोभर पीठ ज्वारीमिश्रित येतं आणि पोळी लाटताना कडेला फाटते. घरी आल्यावर पिठाचा डबा लगेच बंद करू नका. गिरणीतलं पीठ गरम असतं, झाकण लावलं की वाफ धरते आणि पिठाला कुबट वास येतो. परातीत पसरून गार करा, मग भरा.

भाजीला महात्मा फुले मंडई सकाळी गाठा. १८८६ सालच्या त्या दगडी इमारतीच्या आत-बाहेर पावकिलोनेही भाजी मिळते. मार्केटयार्ड हा घाऊक बाजार एकट्यासाठी नाही; तिथून स्वस्तात आणलेली पाच किलो भाजी चौथ्या दिवशी कचऱ्यात जाते.

४. कुकर

अर्धी वाटी तूरडाळ आणि एक वाटी तांदूळ वेगवेगळे धुवा. पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत, म्हणजे तीनदा. दोन्ही अर्धा तास भिजवा. घाई असली तरी डाळ पंधरा मिनिटं तरी भिजू द्या.

डाळीच्या डब्यात दीड वाटी पाणी, पाव चमचा हळद, दोन चिमटी हिंग आणि चार थेंब तेल. तेल चवीला नाही. त्याने फेस कमी येतो आणि डाळ डब्याबाहेर उतू जात नाही. मीठ, चिंच, टोमॅटो यांतलं काही इथे घालायचं नाही. आंबटाने डाळ मऊ व्हायची थांबते, मग दहा शिट्ट्या केल्यात तरी दाणा दाणा दिसतो.

तांदळाच्या डब्यात निथळलेले तांदूळ आणि पाणी. कोलम असेल तर सव्वादोन वाट्या, जुना इंद्रायणी असेल तर दोन, नवा असेल तर पावणेदोन. वरणभातासाठी भात मऊच हवा. मोकळा भात वरणाला धरत नाही.

कुकरच्या तळाला जाळी, दोन वाट्या पाणी आणि त्यात लिंबाचं पिळलेलं साल. सालीमुळे अॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. खाली डाळ, वर भात, भातावर ताटली. नाहीतर झाकणावरचं पाणी थेंबथेंब भातात पडतं.

आता शिट्ट्या. ‘तीन शिट्ट्या दे’ हे माप फसवं आहे. कुणाचा कुकर दीड मिनिटाला शिट्टी मारतो, कुणाचा चार मिनिटांना. आच मोठी असेल तर तीन शिट्ट्या पाच मिनिटांत होतात आणि डाळ कच्ची राहते. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर गेली, एवढंच. शिजवतं ते आतलं सुमारे १२० अंशांचं तापमान, आणि ते टिकायला मोठी आच लागत नाही. म्हणून: मोठ्या आचेवर पहिली शिट्टी, मग आच अगदी बारीक आणि घड्याळाने बारा मिनिटं. मध्ये एखादी शिट्टी झाली तर होऊ द्या. मग गॅस बंद आणि वाफ आपोआप जिरू द्या, दहा-पंधरा मिनिटं. शिट्टी उलथन्याने उचलून वाफ सोडू नका. आतला दाब एकदम उतरला की डाळ उसळून शिट्टीच्या नळीत जाते, आणि सुटणारी वाफ हाताला भाजते ते वेगळंच.

कुठे बिघडतं:

शिट्टीच होत नाही आणि दांड्याजवळून वाफ येते: रबरी रिंग सैल झालीय. पाच मिनिटं फ्रिजरमध्ये ठेवली तर आजचं भागतं, पण नवी आणा. कंपनी आणि लिटर सांगा, डोळ्यांच्या मापाने आणलेली रिंग बसत नाही.

तळातून जळका वास येतो: तळात पाणी घालायचं राहिलं. गॅस बंद करा आणि गार झाल्याशिवाय हात लावू नका. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला असेल तर तो बदलल्याखेरीज कुकर पुन्हा लावायचा नाही.

डाळ भिजवली, वेळ दिला, तरी शिजत नाही: डाळ जुनी असेल किंवा पाणी जड असेल. पुण्यात हा दुसरा मुद्दा नवख्याच्या ध्यानातच येत नाही. पेठांमध्ये येणारं खडकवासला धरणाचं पाणी मऊ असतं. पण उपनगरांत जिथे टँकर किंवा बोअरवेलवर भागतं, तिथल्या पाण्यातला चुना डाळीची सालटं-पेशी घट्ट धरून ठेवतो. नळाच्या तोंडावर पांढरा थर दिसत असेल तर डाळीला फक्त प्यायचं, आरओ गाळणयंत्रातलं पाणी वापरा. खायचा सोडा ही शेवटची युक्ती, आणि तीही अगदी चिमूटभर; त्याने डाळ मऊ होते, पण चव साबणासारखी लागायला वेळ लागत नाही.

आणि कुकरऐवजी उघड्या पातेल्यात डाळ लावायची हौस असेल तर हे ठाऊक असू द्या: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईहून आलेल्याची डाळ इथे थोडी जास्त रेंगाळते.

कुकर उघडला की डाळ गरम असतानाच रवीने घोटा. गार डाळीच्या गुठळ्या मोडत नाहीत. यात अर्धा चमचा मीठ, पाऊण वाटी उकळतं पाणी आणि हवा तर सुपारीएवढा गूळ घालून एक उकळी आणली की झालं साधं वरण. याला फोडणी नसते. भाताची मूद, त्यावर वरण, त्यावर साजूक तूप, बाजूला लिंबाची फोड. कुणी ‘वरणाला फोडणी का नाही?’ म्हणालं तर ते फोडणीचं वरण, वेगळा पदार्थ.

५. फोडणी

सगळ्या पाककृतींत हे दोन शब्दांत उरकतात: ‘फोडणी करा.’ खरं तर पदार्थ इथेच बनतो किंवा बिघडतो, आणि तो सगळा खेळ जेमतेम चाळीस सेकंदांचा असतो. म्हणून गॅस लावण्याआधी सगळं हाताशी हवं: अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा जिरं, दोन चिमटी हिंग, पाव चमचा हळद, सात-आठ कढीपत्त्याची पानं पुसून कोरडी, एक मिरची चिरलेली. मिसळणाचा डबा उघडा ठेवा, झाकण ओट्यावर. तेल तापल्यावर हिंगाची डबी शोधायला लागलात, तर ती फोडणी गेली.

कढल्यात किंवा पातेल्यात एक मोठा चमचा तेल, मध्यम आच. तेल तापलं का हे धुरावरून ओळखू नका. धूर येतो तेव्हा उशीर झालेला असतो. मोहरीचा एक दाणा टाका. दाणा तळाशी जाऊन गप्प बसला, तर थांबा. दोन-तीन सेकंदांत भोवती बुडबुडे येऊन तो फुटला, तर तेल तयार. टाकताक्षणी काळा पडला, तर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा.

मग सगळी मोहरी. ती तडतडायला लागते, एखादा दाणा अंगावर येतो, घाबरून पुढचं टाकू नका. तडतड जोरात होते, टिपेला जाते आणि मंदावते. मंदावली की जिरं. अर्धवट फुटलेली मोहरी कडू लागते आणि दातात येते. जिरं टाकल्यावर चार-पाच सेकंदांत रंग एक छटा गडद होतो. लगेच हिंग, तो फुलतो आणि वास बदलतो, कच्चट उग्रपणा जाऊन खमंग वास येतो. मग मिरची आणि कढीपत्ता. पानं ओली असली तर तेल उडतं. शेवटी गॅस बंद करून हळद. हळद दोन-तीन सेकंदांत जळते आणि जळली की तपकिरी आणि कडू होते. लाल तिखट घालायचं असेल तर तेही गॅस बंद केल्यावर, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच पाणी किंवा भाजी. तिखट तेलात रेंगाळलं की घरभर ठसका आणि शेजारच्यांची खिडकी बंद.

फोडणी करपली तर ती ओतून द्या. चमचाभर तेल वाचवायच्या नादात चार माणसांची आमटी कडू करण्यात शहाणपण नाही. वरून गूळ घालून कडूपणा झाकत नाही, नुसती गोड-कडू आमटी होते.

गुजराती-दाक्षिणात्य घरांत हाच क्रम थोडा वेगळा असतो, दक्षिणेत डाळीही फोडणीत पडतात. ते नंतर. आधी हा क्रम अंगवळणी पडू द्या.

६. आमटी

वरणातून आमटी करायची तर घोटलेली डाळ तीच, अर्ध्या वाटीची.

चिंच: बी काढलेली, मध्यम सुपारीएवढी, म्हणजे ८ ते १० ग्रॅम. पाव वाटी गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा, कुस्करून कोळ काढा आणि गाळा. चिंचेऐवजी तीन-चार आमसुलं चालतात. ती भिजवायची नाहीत, तशीच उकळीत टाकायची. दोन्ही एकदम नको.

गूळ: चिंचेपेक्षा किंचित जास्त, १२ ग्रॅमच्या आसपास. पुणेरी आमटी गोड लागते म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. पण हा गूळ गोडीसाठी कमी आणि आंबट-तिखटाच्या कडा घासण्यासाठी जास्त असतो. पहिल्या घोटाला ‘गोड’ असं वाटलं तर जास्त झाला.

मातीच्या किंवा स्टीलच्या पातेल्यात वरची फोडणी करा. त्यात दोन वाट्या गरम पाणी, चिंचेचा कोळ, गूळ, अर्धा चमचा तिखट, एक चमचा गोडा मसाला, एक चमचा मीठ. हे आधी तीन-चार मिनिटं उकळू द्या म्हणजे चिंचेचा कच्चेपणा जातो. मग डाळ घाला, ढवळा, आणखी पाच-सहा मिनिटं मध्यम आचेवर. शेवटी एक मोठा चमचा ओलं खोबरं आणि कोथिंबीर. पातेल्यात असताना आमटी हवी त्यापेक्षा थोडी पातळ दिसली पाहिजे. ताटात येईपर्यंत ती दाटते. सकाळची आमटी संध्याकाळी गरम करताना पाव वाटी पाणी लागतंच.

खारट झाली तर बटाट्याची फोड टाकायची युक्ती सगळे सांगतात. बटाटा खारट पाणी शोषतो, त्यातलं मीठ निवडून घेत नाही. फोड काढल्यावर उरलेली आमटी तेवढीच खारट. खरा उपाय एकच: पाणी आणि थोडी शिजलेली डाळ वाढवा, मग चिंच-गूळ पुन्हा बेताचं (हा घ्या तो शब्द, इथे म्हणजे आधीच्या निम्म्याने) घाला. म्हणून डाळीतला चार चमचे गोळा नेहमी बाजूला काढून ठेवावा.

७. घडीची पोळी

पहिल्या दहा पोळ्या नकाशासारख्या होतील. त्या चवीला बिघडत नाहीत, त्यामुळे आकाराची चिंता सोडा. मऊपणाकडे लक्ष द्या.

दोन वाट्या कणीक (साधारण १६५ ग्रॅम), पाव चमचा मीठ, एक चमचा तेल. पाणी पाऊण वाटीच्या आत-बाहेर. एकदम ओतू नका. आधी अर्धी वाटी घालून पीठ गोळा करा, मग हाताने शिंपडत जा. घरच्या दळणाची कणीक पाकिटातल्यापेक्षा बहुधा जास्त पाणी पिते. कणीक सैल हवी: बोट दाबलं तर खळगा राहावा आणि हळूहळू वर यावा. हाताला चिकटत असेल तर पीठ घालू नका, तेलाचा हात लावून पाच-सात मिनिटं मळा. चिकटपणा मळण्यानेच जातो. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, मग पुन्हा मिनिटभर तिंबा.

सहा उंडे (गोळे) करा. एक उंडा पुरीएवढा लाटा, वर बोटाने तेल पसरा, चिमूटभर पीठ भुरभुरा, अर्धा दुमडा. पुन्हा तेल-पीठ, पुन्हा दुमडा. हा झाला त्रिकोण. हे पीठ विसरलात तर तेल कणकेत मुरतं आणि पदर सुटत नाहीत. आता पिठी लावून लाटा, कडांकडून, मधोमध दाबून नव्हे. मध्ये जाड आणि कडेला पातळ पोळी फुगत नाही. आठ इंचांच्या आसपास झाली की थांबा.

तवा तापला का? चिमूटभर कणीक टाका: सात-आठ सेकंदांत बदामी झाली तर बरोबर, लगेच काळी झाली तर जास्त. पोळी टाका, वर बारीक फोड दिसले की, म्हणजे पंधरा-वीस सेकंदांत, उलटा. दुसरी बाजू अर्धा मिनिट, तपकिरी ठिपके येईपर्यंत. पुन्हा उलटून फडक्याने कडा हलक्या दाबा, पोळी फुगते. काढून हातावर किंचित आपटा, तूप किंवा तेल लावा, फडकं घातलेल्या डब्यात ठेवा. डब्याचं झाकण पहिल्या पाच मिनिटांत गच्च लावू नका. वाफेने खालची पोळी ओली होते.

कडक पोळी म्हणजे तवा गार किंवा कणीक घट्ट. वातड म्हणजे कणीक कमी मुरली किंवा पोळी तव्यावर फार वेळ राहिली. वर पांढरी पिठूळ दिसते म्हणजे पिठी जास्त. ती तव्यावर जळते आणि पुढच्या पोळीला काळे डाग पडतात. दर दोन पोळ्यांनी कोरड्या फडक्याने तवा पुसा.

आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून चार पोळ्या आणा. अख्खं पुणं आणतं.

८. भाजी आणि कोशिंबीर

पहिली भाजी बटाट्याच्या काचऱ्या. तीन मध्यम बटाटे, पातळ चकत्या, पाण्यातून काढून निथळलेल्या. दीड मोठा चमचा तेलाची फोडणी, त्यात बटाटे, अर्धा चमचा तिखट. परतून झाकण ठेवा आणि झाकणावर अर्धी वाटी पाणी. वरच्या पाण्याने झाकण थंड राहतं, आतली वाफ त्यावर पाणी होऊन परत भाजीत पडते. भाजी लागत नाही आणि पाणी घालावं लागत नाही. सात-आठ मिनिटांनी झाकण काढा, अर्धा चमचा मीठ घाला, दोन मिनिटं मोठ्या आचेवर. मीठ आधी घातलं तर काचऱ्या मऊ पडतात.

भेंडीला उलट: आधी धुऊन पुसायची, मग चिरायची, झाकण ठेवायचं नाही, आणि एक आमसूल टाकायचं. त्याने तार सुटत नाही.

मटकीला मोड आणायचे तर आठ तास भिजवा, निथळून ओल्या पंच्यात घट्ट बांधा. एप्रिलमध्ये दहा-बारा तासांत मोड येतात. डिसेंबरात पुण्यात चोवीस तासही लागतात, तेव्हा पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये किंवा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा. एक वाटी मटकीची अडीच-तीन वाट्या होते, हे न कळल्यामुळे एकटी माणसं चार दिवस उसळ खातात.

खमंग काकडीसाठी दोन काकड्या (प्रत्येकीचा तुकडा चाखून; एक कडू निघाली की सगळी कोशिंबीर कडू), तीन मोठे चमचे दाण्याचं कूट, एक मोठा चमचा खोबरं, अर्धा चमचा साखर, अर्धं लिंबू, वर तुपाची जिरं-हिंग-मिरचीची फोडणी. मीठ ताटं घेतल्यावरच. आधी घातलं तर काकडीला पाणी सुटतं आणि कूट लगदा होतो. कुटासाठी दाणे मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं भाजा, पूर्ण गार करून मगच मिक्सरला लावा, थांबून-थांबून. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो.

९. दही

अर्धा लिटर दूध उकळून कोमट करा. बोट दहा सेकंद आरामात ठेवता आलं पाहिजे. एक चमचा विरजण घालून ढवळा आणि हलवू नका. उन्हाळ्यात पाच-सहा तास, थंडीत दहा-बारा. थंडीत नुकत्याच रिकाम्या केलेल्या कोमट कुकरात झाकून ठेवलं तर लागतं. आंबट-चिकट दही म्हणजे विरजण जुनं किंवा जास्त. लागलं की लगेच फ्रिजमध्ये.

१०. कामाचा क्रम

दोन बर्नरवर साधारण एक तास पाच मिनिटं, सवय झाली की पन्नास मिनिटं:

आल्या आल्या डाळ-तांदूळ भिजत, कणीक मळून झाकून, चिंच भिजत. मग भाजी चिरा, कोथिंबीर निवडा. पंचविसाव्या मिनिटाला एका बर्नरवर कुकर, दुसऱ्यावर भाजी. भाजी झाली की त्या जागी तवा. कुकर बंद केल्यावर त्याच्या वाफेच्या दहा-पंधरा मिनिटांत पोळ्या. कुकर उघडला की मोकळ्या बर्नरवर आमटी. ती उकळत असताना शेवटच्या दोन पोळ्या आणि कोशिंबीर. आधी आमटी आणि मग पोळ्या असा क्रम लावलात तर आमटी गार, पोळ्या गरम आणि तुम्ही चिडलेले.

११. पाककृती मागताना आणि देताना

सोसायटीतल्या काकूंकडून, ऑफिसातल्या डब्यातून, गावाकडच्या आत्याकडून आता पाककृती गोळा व्हायला लागतील. लिहून घेताना पाच गोष्टी विचारा, बाकी सगळं तुम्हाला जमतं: वाटी केवढी? किती माणसांना? भांडं कुठलं, जाड की पातळ बुडाचं? आच केव्हा बदलायची? आणि तिखट कुठलं? शेवटचा प्रश्न गंमत नाही. ब्याडगी मिरचीचं दोन चमचे तिखट रंगाला येतं. लवंगीचं दोन चमचे घातलं तर जेवण तिथेच थांबतं.

‘अंदाजाने’ असं उत्तर आलं, तर त्यांच्या ओट्याजवळ उभे राहा. त्या मूठ किंवा चिमूट घेतील ती पदार्थात पडण्याआधी तुमच्या वाटीत ओतायला सांगा, चमच्याने मोजा आणि आकडा लिहा. चिंच-गुळाच्या खड्याचा वहीशेजारी ठेवून फोटो काढा. तुम्ही स्वतः कुणाला पाककृती द्याल तेव्हा वाटीचं माप पहिल्या ओळीत लिहा, आणि पाणी कुठल्या भागातलं, टँकरचं की नळाचं, तेही.